हंगामी आंबा विक्रीसाठी पेमेंट गेटवे कशावरून निवडावा?

देवगडची बाग
देवगडजवळ आमची हापूसची लहान बाग आहे आणि गेली चार वर्षे आम्ही पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतो. आजवर व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन क्यूआर कोड पाठवायचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला की पेटी रवाना करायची, असा क्रम होता. गेल्या हंगामात गर्दीच्या दिवसांत बँकेच्या नोंदीशी ताडून पाहणे राहून गेले आणि दोन स्क्रीनशॉट बनावट निघाले. म्हणून यंदा संकेतस्थळ करून घेतले आहे. ग्राहकाने संकेतस्थळावर भरलेले पैसे आपल्या खात्यापर्यंत पोचवणाऱ्या, म्हणजे पेमेंट गेटवे पुरवणाऱ्या रेझरपे, कॅशफ्री, पेयू या कंपन्यांच्या दरांत मला फारसा फरक दिसत नाही, तेव्हा निवड कशावरून करावी? आमची जवळजवळ सगळी विक्री एप्रिल-मे महिन्यांतच होते.

हिशोबनीस
ग्राहक पैसे कशाने भरतात, हे आधी पाहावे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे विक्रेत्याकडून घेतले जाणारे शुल्क, शून्य आहे. तरीही अनेक गेटवे यूपीआयच्या व्यवहारावर आपले वेगळे सेवाशुल्क लावतात, त्यामुळे 'यूपीआय मोफत' असे गृहीत न धरता करारातील दरपत्रक वाचावे. गेटवेचे शुल्क दोन टक्के धरले, तर २,५०० रुपयांच्या पेटीवर ५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९, असे ५९ रुपये जातात. ताजा आंबा करमुक्त असल्याने त्या ९ रुपयांची वजावट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे पूर्ण ५९ रुपये खर्चातच धरावे लागतील.

फराळवाली
वरील हिशोब बरोबर आहे, पण हंगामी धंद्याचे खरे दुखणे दरात नसते. मी दिवाळीचा फराळ विकते. पहिल्या वर्षी नोंदणी करताना मासिक उलाढालीच्या रकान्यात मी वर्षभराची सरासरी लिहिली होती. दिवाळीच्या आठवड्यात व्यवहार एकदम वाढताच गेटवे कंपनीच्या जोखीम विभागाने माझी रक्कम रोखून धरली आणि बिले, कुरिअरच्या पावत्या असे सगळे मागवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या ठेवलेल्या बँक खात्यात, ठेवावे लागतात, तेव्हा ते बुडाले नव्हते. परंतु किराणा दुकानदार आणि कामावरच्या बायका एस्क्रो ऐकून थांबत नाहीत! अकरा दिवसांनी रक्कम सुटली, तोवर दिवाळी होऊन गेली होती. तुम्ही सर्वाधिक विक्रीच्या महिन्याचा आकडा लिहा, विक्री दोनच महिन्यांची असल्याचे ईमेलने आधीच कळवा आणि अडचण आली तर फोनवर माणूस भेटतो का, हे मार्चमध्येच फोन करून पाहा. मी दुसरी कंपनी निवडली ती याच एका कसोटीवर.

हिशोबनीस
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. त्याला जोडून परताव्याचेही विचारून घ्या. नासका माल निघाला म्हणून रक्कम परत केली, तरी मूळ व्यवहाराचे शुल्क बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, आणि आंब्यात असे प्रसंग येणारच. सगळ्या पेटीऐवजी खराब फळांपुरती रक्कम परत करण्याची सोय असावी. कंपनीला पेमेंट ॲग्रिगेटर (विक्रेत्यांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणारी कंपनी) म्हणून रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे की नाही, हे बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते.

देवगडची बाग
आभारी आहे. उलाढालीच्या रकान्यात मीही सरासरीच लिहिणार होते. आमचे काही ग्राहक दुबईहून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेट्या मागवतात. त्यांचे परदेशी कार्ड चालेल का?

फराळवाली
चालते, पण ती सोय सहसा वेगळी मागून चालू करून घ्यावी लागते आणि तिचा दरही जास्त असतो. मोजकेच ग्राहक असतील तर त्यांच्या इथल्या बँक खात्यातून पैसे घेणे स्वस्त पडेल. माझ्याकडे अशा तीन मावश्या आहेत. तिघीही तसेच पाठवतात.