‘सक्रियता’ की ‘प्रमाण’?

भाषांतरवाली: अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं एंझाइम (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं प्रथिन) मोजायच्या किटची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. ‘ॲक्टिव्हिटी’ला मी ‘सक्रियता’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘प्रमाण’ केलं, म्हणे वाचकाला सोपं पडतं. चालेल का?

पिपेटधारी: अजिबात नाही. नमुन्यात एंझाइम किती आहे हे या चाचणीत दिसतच नाही, ते किती वेगानं काम करतंय ते दिसतं. चाचणीत एंझाइमला जे रसायन देतात, ते पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, रंगहीन असतं. एंझाइमनं त्यातला फॉस्फेट तोडला की पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं आणि अल्कधर्मी द्रावणात पिवळंजर्द दिसतं. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मिनिटागणिक किती वाढलं ते बघायचं. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर म्हणजे एक युनिट. आता तेच रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या, नळीत घ्या. ईडीटीए एंझाइमला लागणारं जस्त नि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आकडा धाडकन खाली येतो. एंझाइम मात्र जिथल्या तिथे. मग ‘प्रमाण’ कमी झालं म्हणणार?

शुद्धलेखू: दुखणं ‘एंझाइम’पासूनच आहे. ‘विकर’ असा सुटसुटीत शब्द असताना ही उसनवारी कशाला?

जुना वाचक: ‘विकर’ वाचलं की मला ‘विकार’च दिसतो. आम्ही ‘वितंचक’ शिकलो. तंच् धातू गोठण्याचा, ‘आतंचन’ म्हणजे विरजण. ग्रीक ‘झाइम’ म्हणजेही आंबवणारं खमीरच की. किती चपखल!

शुद्धलेखू: मग सरळ ‘किण्व’ म्हणा.

पिपेटधारी: किण्व म्हणजे यीस्ट. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला नुसता रसही साखर आंबवतो, हे बुकनर या रसायनशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये दाखवलं. म्हणजे यीस्ट वेगळं, त्यातलं एंझाइम वेगळं. तेव्हा सुटलेला गुंता तुम्ही परत घालताय.

काठावरची: आणि ‘कलरिमेट्रिक’ला, म्हणजे रंगावरून मोजण्याला, काय लिहिलंत? ‘वर्णमापन’ नको हं. वर्ण म्हटलं की आधी चातुर्वर्ण्य आठवतं. ‘रंगमापन’ बरं.

शुद्धलेखू: मग ‘वर्णपट’ही टाका आणि ‘रंगपट’ म्हणा. नाटकवाले मेकअपचं सामान घेऊन हजर होतील.

भाषांतरवाली: मंडळी, सक्रियता की प्रमाण? पुस्तिका छपाईला जायचीय.

जुना वाचक: ‘क्रियाशीलता’. सक्रिय कार्यकर्ते असतात.

पिपेटधारी: मला दोन्ही चालतील, ‘प्रमाण’ तेवढं नको. पण ‘स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी’ला काय? मिलिग्रॅमभर प्रथिनामागे किती युनिट, एवढाच त्याचा अर्थ. ‘विशिष्ट क्रियाशीलता’ लिहिलंत तर लोकांना वाटेल एंझाइम ठरावीकच काहीतरी करतं. ते तर ते एरवीही करतंच!

शुद्धलेखू: ‘विशिष्ट गुरुत्व’ रुळलं ना? हेही रुळेल.

पिपेटधारी: परीक्षेपुरतं रुळलं. प्रयोगशाळेत कुणाच्या तोंडून ऐकलंय?

काठावरची: ते असू दे. वर ‘शोषण मिनिटागणिक वाढलं’ वाचून मी दचकले. मोर्चा काढायचा का? निदान ‘शोषकता’ तरी म्हणा.

शुद्धलेखू: शोषकता हा द्रावणाचा गुण, शोषण ही घटना. यंत्र काय दाखवतं ते आधी ठरवा.