डोनेपेझिल आणि लघवीची गोळी

स्मृतिभ्रंशावरच्या डोनेपेझिल या औषधाने फरकच पडत नाही, ते बंद करावं, असं काहीजण म्हणतात. त्याआधी बाकीच्या गोळ्या तपासून घ्या. हे औषध कोलिनेस्टरेज या विकराला अडवतं, म्हणून मेंदूत असिटिलकोलिन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं निरोप पोचवणारं रसायन, जास्त वेळ टिकतं. पण त्यानेच काहींना लघवीची घाई होऊ लागते. आईचं तेच झालं. ५ चे १० मिलिग्रॅम केल्यावर रात्री चार-चारदा उठायची, गाऊन ओला झाला की ओशाळून भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडून ऑक्सिब्युटिनिन ही लघवीची घाई कमी करणारी गोळी सुरू झाली, आणि ती नेमकं असिटिलकोलिनचंच काम रोखते! एक गोळी भरतेय, दुसरी ओततेय.

सगळ्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवल्या तेव्हा हे उमगलं. ऑक्सिब्युटिनिन थांबवलं, डोनेपेझिलचा डोस परत ५ वर आला, आणि तिची गुंगी बरीच उतरली. स्वतःहून मात्र काही बंद करू नका. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, तेव्हा ती फार मंद होत नाही ना, तेही बघत राहा.