मुलगी ७ वर्षांची आहे, ताबा कोणाकडे जाईल?

प्रश्न : ६ महिन्यांपासून मी साताऱ्याला माहेरी आहे, लेक माझ्याजवळच. नवरा म्हणतो, "५ वर्षं उलटली, आता कायद्याने ती माझी." माझा पगार १४ हजार, त्याचा ७०. रात्र रात्र डोळा लागत नाही. खरंच नेतील का तिला?

उत्तर : ताई, धीर धरा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, कलम ६ मध्ये, ५ वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहील असं आहे. त्यानंतर ते आपोआप वडिलांच्या ताब्यात जातं, असं कुठेही नाही. कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात आधी. नुसत्या कमी पगारावर ताबा जात नाही, लेकीचा खर्च वडिलांकडून मागता येतो.

उत्तर : मी यातून गेलेय. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाई माझ्या मुलाशी एकट्याशीच बोलल्या. डबा कोण देतं, ताप आला की उशाशी कोण बसतं, असलं साधंच विचारलं. कळत्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण तुम्ही तिला पढवू नका गं, पोरं आतून फाटतात. प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या जपून ठेवा. आणि वडिलांना भेटू द्या. माझ्याकडून तिथेच चूक झाली, मुलगा अजून त्याबद्दल विचारतो.

प्रश्नकर्ती : ताई, वाचून रडले. आज संध्याकाळी तिला बाबांना फोन लावून दिला. अर्धा तास बोलत होती.