मुलीला गोल्फ कॉलेजला पाठवायचंय, गरम हवेचं ठिकाण कुठलं बघावं?

औंधची_आई
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, शाळेत असल्यापासून गोल्फ खेळते, हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला) सध्या ७ च्या आसपास, आयजीयूच्या म्हणजे इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर स्पर्धांनाही जाते. तिला पुढे याच क्षेत्रात काहीतरी करायचंय आणि ते अगदी पक्कं आहे तिचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय होतं माहितीच आहे, फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल पडला तिथेच रुतून बसतो, उचला पुसा ठेवा असं खेळायचं, त्यात वीज कडाडली की सगळे धावत क्लबहाऊसमध्ये. म्हणून ती म्हणते की वर्षभर खेळता येईल असं गरम ठिकाण हवं. एका एजंटने फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनाची नावं काढून दिलीयेत. लोन काढावं लागणारे, त्यामुळे नुसत्या उन्हावर निर्णय नको वाटतो. ह्यांचं म्हणणं आधी इथे डिग्री होऊ दे. हवा सोडून अजून काय बघायचं, कुणी सांगेल का?

फेअरवे_फाटा
ताई, मी स्वतः तिकडे क्लबमध्ये नोकरी केलीये म्हणून सांगतो. आधी तिला विचारा की टीममधून खेळायचंय की गोल्फच्या धंद्यात नोकरी करायचीये, कारण दोन्हीचे रस्ते पार वेगळे आहेत. खेळायचं असेल तर एनसीएए, म्हणजे अमेरिकेतली कॉलेजच्या खेळांची संघटना, तिथे विषय कुठलाही घ्या, अगदी कॉम्प्युटर सुद्धा, आणि कोचला तुमचे स्पर्धांचे स्कोअर आणि स्विंगचे व्हिडिओ पाठवायचे. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला, डिव्हिजन वनला, शाळेतले १६ कोअर म्हणजे मुख्य विषय लागतात, बारावीनंतर जास्त गॅप घेतला तर इलिजिबिलिटीवर, म्हणजे टीममधून खेळण्याच्या पात्रतेवर परिणाम होतो, त्यामुळे "आधी इथे डिग्री" केली तर हा दरवाजा जवळजवळ बंदच होईल, हे दादांना नक्की सांगा. शिवाय बक्षिसाचे पैसे घेताना जपून, २०२२ पासून अमॅच्युअर खेळाडूला एका स्पर्धेत १००० डॉलर किंवा ७०० पौंडांपर्यंतच बक्षीस चालतं.

नोकरी करायची असेल तर पीजीए (तिकडची गोल्फ प्रोफेशनल्सची संघटना) गोल्फ मॅनेजमेंट म्हणून कोर्स आहे, काही ठरावीक युनिव्हर्सिटीतच. साडेचार वर्षांचा आणि त्यात १६ महिने इंटर्नशिप. प्रवेशाला हँडिकॅप १२ किंवा त्याहून चांगला लागतो, म्हणजे तुमच्या लेकीला ते अवघड नाही. पण पुढे प्लेइंग टेस्ट आहे, एका दिवसात ३६ होल, आणि टार्गेट म्हणजे कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला त्या मैदानावर साधारण लागणारे फटके) दुप्पट करून त्यात १५ मिळवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण दुसऱ्या राउंडला पाय बोलायला लागतात. गंमत बघा, हा कोर्स १९७५ मध्ये सगळ्यात आधी सुरू झाला तो मिशिगनमध्ये, फेरिस स्टेटला, जिथे हिवाळ्यात गोल्फच्या मैदानावर बर्फ असतो. गरम भागात बघायचं तर फोर्ट मायर्सची फ्लोरिडा गल्फ कोस्ट, कोस्टल कॅरोलिना, लास क्रूसेसची न्यू मेक्सिको स्टेट असे पर्याय आहेत. सगळ्यात आधी मेल करून विचारा की परदेशी विद्यार्थी हा प्रोग्रॅम पूर्ण करू शकतो का, इंटर्नशिपला व्हिसा चालतो का. हे उत्तर लेखी आल्याशिवाय फी भरू नका.

गवतवाला
मी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातला, आता टर्फचंच, म्हणजे मैदानावरच्या गवताचंच काम करतो त्यामुळे हवेबद्दल लिहितो. गरम हवा म्हणजे बारा महिने उत्तम कोर्स हे गणित चुकीचं आहे ताई. फ्लोरिडात उन्हाळ्यात रोज दुपारी गडगडाट, विजा, आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इयान वादळ फोर्ट मायर्सच्या बाजूलाच आदळलं होतं. म्हणजे पावसाळ्यातून सुटका म्हणून तिकडे जायचं तर तिथेही पावसाळा आहेच, फक्त रोज दोन-तीन तासांचा.

अ‍ॅरिझोनाचं वेगळं. फिनिक्समध्ये २०२३ ला ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ डिग्री किंवा त्याहून वर होता, तेव्हा पहाटेच खेळून घ्यायचं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओव्हरसीडिंग असतं. बर्म्युडा गवत थंडीत झोपतं, पिवळं पडतं, म्हणून आधी ते अगदी खरडून कापतात आणि वरून राय गवताचं बी पेरतात, मग दिवसातून कितीतरी वेळा हलकं पाणी मारायचं, त्या काळात कोर्स काही आठवडे बंद. कॉलेजचं सेमिस्टर ऐन भरात असताना हे होतं! म्हणून विचारा की कोर्स बंद असताना मुलं कुठे खेळतात. तिकडे हिवाळ्यात सकाळी दव गोठलं तरी खेळ उशिरा सुरू करतात, गोठलेल्या गवतावर पाय पडला की पात्याच्या पेशी फुटतात आणि नंतर काळे ठसे उमटतात.

आपल्या लेकीला एक गोष्ट फायद्याची, आपल्याकडेही बहुतेक ग्रीन्स (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) बर्म्युडाच्याच, त्यामुळे पात्यांच्या कलाप्रमाणे बॉल वळतो हे तिच्या हाताला माहिती आहे. थंड भागातून येणारी मुलं तिथेच गोंधळतात.

फेअरवे_फाटा
गवतवाले साहेबांनी छान सांगितलं. त्यात एक भर, फ्लोरिडात जानेवारी ते मार्च हवा सर्वात छान आणि तोच टुरिस्टांचा सीझन, उत्तरेकडची पेन्शनर मंडळी गाड्या भरभरून येतात, फी वाढते, सकाळचे सगळे टी-टाईम (खेळ सुरू करायच्या वेळा) त्यांना. विद्यार्थ्याला मिळतं ते दुपारी उशिराचं, अंधार पडेपर्यंत जेमतेम नऊ होल. त्यामुळे "आमच्याकडे इतके कोर्स आहेत" हे ऐकू नका, विद्यार्थ्याला आठवड्यात किती राउंड, कुठल्या वेळेला आणि रेंजचे (सरावाच्या जागेचे) बॉल फुकट की पैसे देऊन, हे विचारा. ब्रोशरमध्ये हे कधीच नसतं. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी फोनवर बोलून घ्या.

लोन_आणि_लेक
आम्ही मुलाच्या वेळी या सगळ्यातून गेलोय (गोल्फ नाही, दुसरा खेळ). कॉलेजचं अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे अधिकृत मान्यता बघाच बघा. गोल्फ अ‍ॅकॅडमी ऑफ अमेरिका नावाची मोठी संस्था होती, फिनिक्स, ऑर्लँडो, मर्टल बीच अशा गरम ठिकाणीच कॅम्पस, २०१८ च्या डिसेंबरमध्ये चालवणारी कंपनीच कोसळली आणि सगळं बंद, मुलं मध्येच अडकली. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचं असं झालं तर लगेच दुसरं कॉलेज शोधावं लागतं. शिक्षणानंतर कामाला साधारण १२ महिने मिळतात, स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयात आणखी २४. नुसत्या गोल्फ डिप्लोमावर लोनचे हप्ते कसे फिटणार हे कागदावर मांडून बघा, आणि एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळतं का तेही सरळ विचारा, लाजू नका.

येरवडा_रेंज
मी पुण्यात शिकवतो. हँडिकॅप ७ चांगला आहे पण वरच्या टीमसाठी अजून खाली यायला हवा, आणि कोच शेवटी स्कोअरच बघतो, स्विंग किती सुंदर आहे ते नाही. तिला पुढचं वर्षभर शंभर यार्डच्या आतलं काम, म्हणजे होलजवळचे छोटे फटके आणि पटिंग, करू दे. आपल्या पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळून आला, त्यामुळे इथे राहून काही होत नाही असं तिच्या मनात बसू देऊ नका. शिकवण्यात रस असेल तर नॅशनल गोल्फ अ‍ॅकॅडमी ऑफ इंडियाचे कोचिंगचे सर्टिफिकेशन कोर्स इथेच करता येतात, त्याचा खर्च परदेशाच्या मानाने काहीच नाही. अमेरिकेला जायचंच असेल तर तिथली दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजंही बघा (आपली अकरावी-बारावी नव्हे, ती बारावीनंतरची), टेक्सस आणि अ‍ॅरिझोनात आहेत, फी कमी, आणि चांगली खेळली तर तिथून मोठ्या युनिव्हर्सिटीत बदली घेता येते.

औंधची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, एजंटने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. लेकीला रात्री वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली मला टीममधून खेळायचंय, दुकान सांभाळायला नाही. म्हणजे गॅपचा मुद्दा महत्त्वाचा झाला, ह्यांनाही तो पटला. आता ज्युनिअर कॉलेजच्या कोचना मेल करतोय. येरवडा_रेंज सर, व्हिडिओत नक्की काय काय दाखवायचं, आणि पावसाळ्यातले स्कोअर पाठवू का नको?

येरवडा_रेंज
ड्रायव्हर, एक मधला आयर्न आणि वेज या स्टिकचे फटके, बंकर म्हणजे वाळूतले फटके आणि पटिंग, समोरून आणि मागून, एडिटिंग आणि म्युझिक नको. स्कोअर सगळे पाठवा, पावसातले पण, शेजारी कोर्सचं रेटिंग आणि "पाऊस, प्रिफर्ड लाय" (तुम्ही म्हणालात ते उचला पुसा ठेवा) एवढं लिहा. वाईट राउंड लपवले की कोचला लगेच कळतं. रविवारी सकाळी रेंजवर आणा तिला, शूट करून देतो.