जुन्या गाडीच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस का भरावा लागतो?

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

माझ्याकडे २००९ सालची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. गेली दोन वर्षे मार्च संपता संपता तिचा एसी गार हवा देईनासा होतो, मी १,२०० रुपये देऊन गॅस भरून आणतो आणि पावसाळा लागेपर्यंत कशीबशी सोय होते. यंदा एप्रिलात भरलेला गॅस मात्र महिनाभरही टिकला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गॅस नुकताच भरलेला असतानाही गाडी महामार्गावर धावत असेल तरच हवा गार येते. रेल्वे फाटकापाशी पाच मिनिटे थांबलो की ती कोमट होते. मेकॅनिकचे म्हणणे असे की जुन्या गाडीतला गॅस उडतोच, दरवर्षी भरावा लागतो. आईला दर पंधरवड्याला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावे लागते आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत काचा खाली करून तो प्रवास तिला सोसत नाही. दरवर्षी गॅस भरणे खरोखरच आवश्यक आहे का?

जुना फिटर (वर्धा)

नमस्कार भाऊ. गॅस पेट्रोलासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) सीलमधून अगदी थोडा झिरपतो हे खरे, पण त्याला कित्येक वर्षे लागतात. महिनाभरात गॅस गेला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे.

गळती पुष्कळदा डोळ्यांनीच दिसते. गॅससोबत कंप्रेसरचे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग तयार होतो. बोनेट उघडून, बॅटरीच्या प्रकाशात, पाईपचे प्रत्येक जोड, कंडेन्सरचे (रेडिएटरपुढच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) कोपरे आणि कंप्रेसरच्या क्लचमागची बाजू पाहावी. डाग सापडला नाही, तर नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचे पाणी लावायला सांगावे. गळती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला असेल, तर मात्र खर्च मोठा असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरे म्हणजे, गॅस किती भरला हे त्यांनी कसे ठरवले? इंजिन बंद असताना गेज लावून ‘दाब बरोबर आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्याला अर्थ नाही. आत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत तोवर दाब केवळ तापमानावर ठरतो. ४० अंशांना आर-१३४ए चा, म्हणजे गाडीच्या एसीतल्या गॅसचा, दाब सुमारे १३३ पीएसआय असतो, मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. घरचे सिलिंडर अर्धे झाले म्हणून शेगडीची ज्योत लहान होत नाही, तसेच हे आहे. म्हणून गॅस वजनानेच भरावा. किती ग्रॅम लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते. जास्त भरल्यानेही गारवा कमीच होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

भरण्यापूर्वी पंपाने किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारलाच पाहिजे. त्याने आत शिरलेली हवा निघते, ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो, आणि पंप बंद केल्यावर काटा वीस मिनिटे जागचा हलला नाही, तर मोठी गळती उरली नाही हेही कळते.

रुईवाला (समुद्रपूर)

फाटकापाशी हवा कोमट होते, याचे कारण मला गॅसपेक्षा कंडेन्सरमध्ये दिसते. गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. थांबली की सारी भिस्त पंख्यावर. एसी सुरू करून पंखा फिरतो का ते आधी पाहा.

पंखा चालत असेल तर कंडेन्सर धुवा. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी रुई आणि सोयाबीन काढणीचा भुसा जाळीत अडकतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते. खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत असतो. माझ्या गाडीतून तिथला थर गोधडीच्या कापसासारखा सलग निघाला होता. इंजिन थंड असताना, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या पाइपाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पाती वाकतात आणि मग वाराच जात नाही.

पांढरकवडेकर

माझ्या गावातला मेकॅनिक घरगुती एसीचा गॅस स्वस्तात भरून देतो म्हणतो. चालेल का?

जुना फिटर (वर्धा)

मुळीच नाही. आर-२२ सारख्या गॅसचा दाब आर-१३४ए पेक्षा कितीतरी जास्त असतो आणि गाडीची होज त्यासाठी बनवलेली नसते. स्वयंपाकाचा गॅस भरणारेही महाभाग मी पाहिले आहेत. तो पेट घेतो. कूलिंग कॉइल फुटली तर तो थेट माणसे बसलेल्या जागेत येतो.

वणाकाठ (हिंगणघाट तालुका)

दहा दिवसांनी लिहितो आहे. कंडेन्सरच्या वरच्या पाईपजोडावर रुपयाएवढा काळा डाग सापडला. साबणाचे पाणी लावताच तिथे बारीक फुगे एकामागून एक येऊ लागले. आतली ओ-रिंग (जोडातले रबरी कडे) कडक होऊन चिरली होती. नागपूरला दुसऱ्या मेकॅनिककडून एसीचीच ओ-रिंग बसवली, ड्रायर (आतला ओलावा शोषणारा भाग) बदलला, पाऊण तास व्हॅक्यूम मारला आणि स्टिकरप्रमाणे ४५० ग्रॅम गॅस काट्यावर मोजून भरला. रुई तर ओंजळभर निघाली. बाहेर ४४ अंश असताना झरोक्यापाशी धरलेला थर्मामीटर धावत्या गाडीत ९ आणि फाटकापाशी १४ दाखवतो. आता आईच्या पायाशी मात्र पाणी ठिबकते. ही नवी गळती तर नव्हे?

जुना फिटर (वर्धा)

नाही, ते कॉइलवर जमणारे पाणी आहे. एसी नीट चालू लागल्याची ती खूण आहे, फक्त बाहेर जाणारी नळी तुंबली आहे. गाडी कडुलिंबाखाली उभी करत असाल तर काचेखालच्या जाळीतून पाला आत जातो. गाडीच्या खालून नळीत हलकी हवा मारून घ्या. आणि हिवाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवत जा, म्हणजे कंप्रेसरच्या सीलला तेल मिळत राहील.