पेन मागितलं की पिन ऐकू येते: न्यूझीलंड-अमेरिका जोडप्याने काय करावं?

सानिका_ऑकलंड
इथल्या एका जोडप्यासाठी विचारतेय. ती क्राइस्टचर्चची, तो अमेरिकन. दोघांची मातृभाषा इंग्रजीच, तरी रोज 'काय म्हणालीस?' चालू असतं. तिने 'पेन' म्हटलं की त्याला 'पिन' ऐकू येतं, 'चेअर' म्हटलं की 'चिअर'. मग ती तोच शब्द मोठ्याने, लांबवून सांगते आणि गोंधळ वाढतो. यामागे काही नियम आहे का? दोघांपैकी कुणीही आपली बोलण्याची ढब न सोडता काय करता येईल? बाळ होणार आहे, त्यामुळे नावाचाही प्रश्न आहेच.

कानसेन
नियम आहे आणि चांगला काटेकोर आहे.

न्यूझीलंडच्या इंग्रजीत तीन ऱ्हस्व स्वर एकेक घर सरकले आहेत. आपल्याकडे ॅ असल्यामुळे हे देवनागरीत नीट दाखवता येतं. तिचा 'पॅन' अमेरिकन कानाला 'पेन' वाटतो, तिचं 'पेन' 'पिन' वाटतं, आणि तिची 'पिन' जिभेच्या मध्यावर सरकून 'पन'च्या जवळ जाते. 'फिश अँड चिप्स'चं 'फश अँड चप्स' होतं ते यामुळेच. शेजारच्या ऑस्ट्रेलियात हाच स्वर उलट दिशेला, 'फीश अँड चीप्स'कडे झुकतो, तेव्हा कानाच्या सरावासाठी ऑस्ट्रेलियन मालिका लावून बसू नका.

मोठ्याने बोलून फायदा नाही, कारण आवाज वाढला तरी स्वर तोच राहतो. लांबवणं तर त्याहून वाईट. तिचा 'ए' आधीच इतका वर चढलेला आहे की लांबवला की अमेरिकन कानाला सरळ 'ई' वाटतो.

'चेअर-चिअर' हे प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे स्वर सरकलेला नाही, दोन स्वर एकमेकांत मिसळलेत. 'बेअर-बिअर', 'हेअर-हिअर', 'एअर-इअर' या जोड्या तिथले बरेच लोक एकसारख्याच उच्चारतात. पहिल्या प्रकारात फरक शाबूत आहे, फक्त जागा बदलली आहे, त्यामुळे कानाला तो शिकवता येतो. दुसऱ्यात फरकच उरलेला नाही, तिथे संदर्भ द्यावाच लागतो. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, नाहीतर मेहनत भलतीकडेच जाते.

तो अमेरिकेत नेमका कुठला?

सानिका_ऑकलंड
टेनेसी. नॅशव्हिलजवळचा.

कानसेन
मग 'पेन-पिन'चा अर्धा तिढा त्याच्याकडून आलाय! अमेरिकेच्या दक्षिण भागात 'न' आणि 'म'च्या आधी 'ए' आणि 'इ' एकच होतात. त्याच्या बोलण्यात 'पेन' आणि 'पिन' हे मुळात एकाच उच्चाराचे शब्द असण्याची शक्यता दांडगी आहे. त्या भागात पेनाला मुद्दाम 'इंक पेन' म्हणतात ते उगीच नाही. थोडक्यात, जिथे तिचा स्वर सरकतो, नेमक्या त्याच जागी फरक ऐकायची त्याच्या कानाला सवय नाही. 'बेड-बिड' किंवा 'सेट-सिट' घेऊन बघा, तिथे तो लवकर सुधारेल. 'टेन-टिन'वर फार अपेक्षा ठेवू नका.

हेल_आणि_काना
त्याची बाजूही बघायला हवी, कारण तीही चुकीचं ऐकत असणार. टेनेसीत 'आय' हा जोडस्वर सपाट होतो: 'हाइड'चं 'हाऽड', 'टाय'चं 'टाऽ'. आता गंमत बघा. न्यूझीलंडमध्ये स्वरानंतरचा 'र' उच्चारत नाहीत, म्हणून तिचं 'हार्ड'सुद्धा 'हाऽड'च्या अगदी जवळचं. म्हणजे एकच आवाज, तिच्या तोंडी 'हार्ड' आणि त्याच्या तोंडी 'हाइड'. 'टार-टाय', 'बार-बाय' यांचंही तसंच. ज्या शब्दात तिला 'आऽ' ऐकू येतो, तिथे तिने आधी 'आय' घालून बघावं. त्याचा खरा 'र' असेल तर तो ठसठशीत ऐकू येईलच.

सगळ्यात धोक्याची जोडी 'कॅन' आणि 'कान्ट'ची. ती नकार 'काऽन्ट' असा म्हणते, स्वरावरूनच कळतो. तो 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा 'ट' गिळतो, मग तिला होकार ऐकू येतो. (जुन्या वळणाच्या टेनेसी बोलीत 'केन्ट'ही ऐकू येईल.) खूण अशी: अमेरिकन बोलण्यात वाक्याच्या मध्ये होकारातलं 'कॅन' दुबळं होऊन 'कन्' उरतं, नकारात स्वर पूर्ण आणि आघातासह येतो. तरी औषध, गॅस, मुलाला आणायची वेळ असल्या बाबतीत दोघांनीही 'कॅनॉट' असं सुटं म्हणावं. यात अजिबात कंटाळा नको.

ओवी_७७
सरावाची पद्धत सांगते. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ साली इंग्रजी उच्चारांची तुलना करण्यासाठी २४ शब्दगट ठरवले, प्रत्येकाला एक नमुना शब्द. या दोघांना सात पुरेत: किट, ड्रेस, ट्रॅप, निअर, स्क्वेअर, प्राइस, स्टार्ट. प्रत्येक गटातले तीन शब्द घ्या, २१ चिठ्ठ्या करा. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याकडे पाठ करून एकेक चिठ्ठी वाचायची, एकदाच, नेहमीच्या वेगात. ऐकणाऱ्याने ऐकू आलं ते लिहायचं. चिठ्ठ्या पिसून तीन फेऱ्या, मग अदलाबदल. शेवटी 'म्हटलं काय, ऐकलं काय' असा तक्ता मांडा. चुका विखुरलेल्या दिसणार नाहीत, दोन-तीन घरांतच साचलेल्या असतील. पुढचा सराव फक्त त्या घरांचा, रोज दहा मिनिटं.

हमखास होणारी चूक म्हणजे फक्त जोडीदाराच्या आवाजावर सराव करणं. त्याने एक आवाज ओळखीचा होतो, स्वरांची सरक कळत नाही. त्याने रेडिओ न्यूझीलंडच्या बातम्या ऐकाव्यात, निरनिराळ्या निवेदकांच्या. सुटे शब्द जमले की वाक्यं, आणि सर्वात शेवटी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून.

नाही कळलं तर शब्द पुन्हा म्हणायचा नाही, बदलायचा: 'पेन'ऐवजी 'बॉलपॉइंट', 'चेअर'ऐवजी 'सीट'. आणि 'काय?' असं मोघम विचारू नये. 'टेबलावरचं काय आणू?' असं विचारलं की समोरच्याला कळतं, नेमका कुठला शब्द निसटला.

फोनवर आकडे एकेक करून सांगावेत आणि समोरच्याने परत वाचून दाखवावेत. ती 'डबल थ्री' म्हणणार, त्याला 'थ्री थ्री'ची सवय. तिचं 'सिक्स' 'सक्स' ऐकू येतं, 'टेन' 'टिन'. स्पेलिंग सांगताना 'झेड' आणि 'झी'च्या वादात न पडता ए, बी, सीसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे ठरलेले शब्द वापरा. आयफोनवर सिरी वापरत असतील तर तिने भाषा 'इंग्रजी (न्यूझीलंड)' आणि त्याने 'इंग्रजी (अमेरिका)' अशी आपापल्या फोनवर निवडावी.

हेल_आणि_काना
नावाबद्दल: 'बेन', 'जेनी' टाळा, वर आलेल्या कारणासाठी. 'एलन' आणि 'ॲलन' न्यूझीलंडमध्ये अनेकांच्या तोंडी सारखेच, कारण 'ल'च्या आधी 'ए' आणि 'ॲ' मिसळतात. 'ग्रेअम'चं अमेरिकेत 'ग्रॅम' होतं. 'एरन' आणि 'एरिन' बहुतेक अमेरिकनांना एकसारखेच. लूसी, लूक, जूलिया अशी दीर्घ स्वरांची नावं दोन्हीकडे टिकतात.

बाळाच्या भाषेची काळजी नको. ऑकलंडमध्ये वाढलं तर ते बरोबरीच्या मुलांसारखंच बोलेल. भाषाशास्त्रज्ञ जॅक चेंबर्स यांनी १९९२ साली दक्षिण इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या कॅनेडियन मुलांचा अभ्यास मांडला. त्यात शब्द आधी बदललेले दिसले, उच्चार मागून. नवऱ्याचंही असंच होईल, आधी 'टॉग्ज' (पोहण्याचे कपडे) आणि 'जांडल्स' (रबरी चपला) हे तिथले शब्द तोंडात बसतील, स्वर बरेच नंतर.

सानिका_ऑकलंड
चिठ्ठ्या आजच करून देते. त्यांच्या यादीत पहिलं नाव 'क्लेअर' आहे…

कानसेन
'चेअर'च्याच गटातलं! तिच्या तोंडी 'क्लिअर' होणार आणि त्याच्या तोंडी शेवटचा 'र' वाजणार. नाव म्हणून हाक मारायला अडचण नाही, संदर्भ असतोच. दवाखान्यात किंवा शाळेत फोनवर सांगताना मात्र प्रत्येक वेळी स्पेलिंग द्यावं लागेल. ते चालणार असेल तर खुशाल ठेवा.