मदत हवी आहे : खिडकीच्या उजेडातलं पोर्ट्रेट, सावलीतला डोळा हरवतोय

आजीचं कृष्णधवल पोर्ट्रेट काढतोय. ती खिडकीपासून साधारण तीन फुटांवर, उजेड एकाच बाजूने. ५० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (संवेदनशीलता) ४००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). उजळ गालावर स्पॉट मीटरिंग केलं (फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजला) की दुसरा गाल पार काळा पडतो, त्यातला डोळाही. त्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल धरला तर चेहरा सपाट होतो. ज्या सुरकुत्यांसाठी हा फोटो, त्याच जातात. एडिटिंगमध्ये सावली उचलली, नुसता नॉइज (दाणेदारपणा) आला. खिडकीला पातळ पडदा लावून झाला, फरक थोडाच. फ्लॅश नको, तिचे डोळे दिपतात.

सावली गडद राहून डोळा दिसावा यासाठी आधी काय बदलू, खिडकीशी तिचा कोन की थर्माकोलचं अंतर? आणि दोन गालांत तुम्ही किती स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक ठेवता?